बालीला निघण्याआधी रेबीजची लस घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या वाघोडिया रोडवर राहणारं एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत ८ दिवस बालीला चाललं आहे. नवरा-बायको, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आजी. निघायला ६ आठवडे आहेत. उबुदच्या माकडांच्या जंगलाचं तिकीट सहलीच्या पैशातच धरलेलं आहे. टूरवाला म्हणतो, कुठलीच लस सक्तीची नाही. मुलांचे वडील विचारतात, "आपण इथे रोज कुत्र्यांमधूनच ये-जा करतो, मग बालीला जाताना वेगळं ते काय? थोरलीला ५ वर्षांपूर्वी कुत्रा चावला होता. तेव्हा चार वेळा नेऊन दोन्ही दंडांवर सुया दिल्या होत्या. ते अजून चालतं का? तिचं कार्ड २०२४ च्या पुरात भिजलं."

आधी उत्तर सांगते, कारणं मग. धाकट्याला लस द्याच. आईवडिलांनी आणि आजींनीही घ्यावी असं माझं मत आहे, पण पैशांचा विचार करून एकालाच द्यायची झाली तर धाकट्याला द्या. थोरलीचं वेगळं आहे, त्यावर पुढे येते.

टूरवाला खोटं बोलत नाही. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला काही देश विमानतळावर मागतात, तसा रेबीजचा दाखला कोणी मागत नाही. पण सक्ती नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. विमानतळावरचे नियम तो देश स्वतःच्या रक्षणासाठी करतो. तुमच्या मुलाचं रक्षण त्यांच्या यादीत नसतं, ते आपणच करायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, की इथे कुत्रे आहेतच, मग तिथे वेगळं काय. हा प्रश्न मला दर सुट्टीच्या आधी कोणी ना कोणी विचारतं आणि तो अगदी रास्त आहे. रेबीज आपल्याला परका नाही. शेजारचे गुजराती लोक त्याला हडकवा म्हणतात, आपण कुत्रा पिसाळला म्हणतो, आणि गल्लीतल्या लहान पोरालाही त्याचा अर्थ कळतो. पण बडोद्यात कुत्रा चावला तर काय होतं ते आठवून बघा. सोसायटीचा वॉचमन सांगतो की तो भुरा कुत्रा तीन वर्षं इथेच आहे. पुढचे १० दिवस तो जिवंत आणि धडधाकट राहतो का, हे कोणीतरी बघू शकतं. तुम्ही रिक्षा करून अर्ध्या तासात सयाजी हॉस्पिटलला पोचता. लस फुकट मिळते. जखम खोल असली तर जखमेत भरायचं सीरम नावाचं औषधही मिळतं, एका ठिकाणी नसलं तर दुसरीकडे फोन करून मागवता येतं. इथून दीड-दोन तासांवर अंकलेश्वरला तर रेबीजची लसच बनते. आपल्याला हे सगळं इतकं हाताशी आहे की त्याची किंमत कळत नाही.

परदेशात नेमकं हेच सुटतं. कुत्रा कोणाचा, कुठून आला, कोणाला ठाऊक नसतं. १० दिवस पाहायचं म्हणावं तर चौथ्या दिवशी तुमचं विमान असतं. आणि १० दिवस पाहण्याचा नियम कुत्र्या-मांजरांपुरताच आहे. माकड चावलं तर त्या नियमाचा काही उपयोग नाही, वटवाघळाचं तर नावच नको. भाषा येत नाही, दवाखाना कुठे ते माहीत नसतं, विमा कंपनीचा फोन लागत नाही, आणि सहलीचे पैसे भरलेले असल्यामुळे घरातलंच कोणीतरी म्हणतं, "एवढंसं तर खरचटलंय, घरी गेल्यावर बघू."

या "घरी गेल्यावर बघू"चीच मला भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ९ वर्षांचा मुलगा आला होता. उबुदला माकडाने त्याच्या खांद्यावर उडी मारली, हातातलं वेफर्सचं पाकीट ओढलं आणि जाता जाता मानेच्या बाजूला नखं-दात लागले. हॉटेलवाल्याने पट्टी चिकटवून दिली. दुसऱ्या दिवशी वडिलांना चैन पडेना म्हणून ते एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथे लस दिली, सीरम दिलं नाही. संपलं होतं की सुचलंच नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांना वाटलं, सुई दिली म्हणजे झालं. ते बडोद्याला परतले आणि लशीच्या पाचव्या दिवशी फक्त "पुढचा डोस कधी" एवढं विचारायला आले. मी कागद पाहिला, जखम पाहिली आणि सगळं काम थांबवलं. मानेवर दोन बारीक खुणा होत्या, खपली धरलेल्या. त्या मुलाला आईच्या मांडीवर आडवं करून, खपल्यांच्या कडेने बारीक सुई आत घालून, थेंब थेंब सीरम भरावं लागलं. मानेवरची कातडी पातळ असते, औषध आत गेलं की तिथे मसुराएवढे फुगवटे येतात. पोरगं ओरडलं नाही, आईच्या पदराचं टोक मात्र मुठीत घट्ट धरून होतं. आज तो सातवीत आहे आणि ठणठणीत आहे. पण तीन दिवस उशीर झाला असता तर सीरम देण्याची मुदत टळली असती. मान म्हणजे मेंदूच्या उंबरठ्यावरची जागा.

हे मुदतीचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण डॉक्टरांच्याही बोलण्यात इथे घोटाळा होतो.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो. तिथून तो मज्जातंतूत शिरतो आणि तंतू धरून मेंदूकडे सरकतो. एकदा मेंदूपर्यंत पोचून लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही. जगभरात वाचलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. लस टोचली की शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी द्रव्यं, बनवायला लागतं, पण त्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. मधल्या दिवसांत जखमेत बसलेल्या विषाणूला कोण अडवणार? त्यासाठी तयार प्रतिपिंडांचं औषध थेट जखमेत आणि जखमेभोवती भरावं लागतं. त्यालाच आपण सीरम म्हणतो. माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला २० युनिट आणि घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोला ४० युनिट, असा हिशेब असतो. हल्ली प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडंही मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं असं औषध आहे, त्याचा हिशेब आणखी वेगळा.

हे सीरम लशीच्या पहिल्या डोसाबरोबरच द्यायचं. तेव्हा मिळालं नाही तर पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात. लक्षात घ्या, हे ७ दिवस पहिल्या लशीपासून मोजायचे, चावल्यापासून नाही. चावून १० दिवस झाले आणि अजून एकही सुई घेतली नसेल, तर "आता उशीर झाला" म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी लस आणि सीरम दोन्ही घ्यायची.

सीरम महाग असतं, थंडाव्यात ठेवावं लागतं आणि बऱ्याच पर्यटनस्थळी त्याचा तुटवडा असतो. बालीत लस बहुतेक ठिकाणी मिळते, सीरमची खात्री देता येत नाही. त्यापायी सहल अर्धवट टाकून सिंगापूरला किंवा मायदेशी पळावं लागलेले प्रवासी पुष्कळ आहेत.

आता आधी लस घेतल्याने काय साधतं ते बघा. आधी घेतली म्हणजे चावल्यावर काहीच करायचं नाही, असं मुळीच नाही. दोन गोष्टी बदलतात. एक, सीरमची गरजच उरत नाही. दोन, चावल्यावर लशीचे दोनच डोस लागतात, पहिला त्याच दिवशी आणि दुसरा तीन दिवसांनी. शरीराला शत्रूची ओळख आधीच पटलेली असते, त्यामुळे एक सुई टोचली की ते झपाट्याने कामाला लागतं. जी वस्तू तिथे मिळेल की नाही याची शाश्वती नाही, तिच्यावाचून आपलं अडत नाही. एवढ्यासाठीच मी हा आग्रह धरते.

मुलांच्या बाबतीत आग्रह जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात आणि त्यांतली ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीएवढी, त्यामुळे चावा हाताऐवजी चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. शिवाय मुलं सांगत नाहीत. आईने "हात लावू नकोस" बजावलेलं असतं, तरी पोराने पिल्लाला कुरवाळलेलं असतं, मग ओरखडा बाहीखाली लपवला जातो. तुमचा धाकटा सोसायटीतल्या कुत्र्यांना ग्लुकोजची बिस्किटं घालत असेल तर तो तिथेही घालणार. त्याला रागावू नका. निघायच्या आधी आठ दिवस रोज रात्री सांगा, की कुठल्याही प्राण्याचा दात, नख किंवा जीभ लागली तर लगेच येऊन सांगायचं, कोणी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नका.

लशीचं वेळापत्रक सोपं आहे. आपल्याकडे रूढ पद्धतीत तीन डोस असतात: पहिला, मग सातव्या दिवशी, मग २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. तुमच्याकडे ६ आठवडे आहेत, तिन्ही आरामात बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून निरोगी माणसाला आठवड्याच्या अंतराने दोनदा दिलेली लसही पुरेशी मानली आहे. म्हणून ऐनवेळी जागं होणाऱ्यांनीही निराश होऊ नये, ८-१० दिवस हातात असले तरी काम होतं. मात्र एकच डोस घेऊन निघाला असाल तर चावल्यावर स्वतःला लस न घेतलेलाच समजायचं आणि पूर्ण उपचार मागायचे. सुई दंडात देतात, अगदी लहान बाळाला मांडीत. कुल्ल्यावर ही लस कधीच द्यायची नाही, तिथे ती नीट लागू पडत नाही. कोणी द्यायला लागलंच तर थांबवा. आपल्याकडे एका कुपीची किंमत काहीशे रुपये आहे. अमेरिकेत एकेका डोसाला शेकडो डॉलर मोजावे लागतात, म्हणून तिथून सुट्टीला येणारी आपली भाचे-पुतणे मंडळी इथे आल्या आल्याच लस घेतात, तेही योग्यच.

वयाने मोठी माणसं "पोटात चौदा इंजेक्शनं" म्हणून घाबरतात. ती भीती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. तिचा त्रास मी शिकत असताना लोकांना भोगताना पाहिलं आहे. आजच्या लशीत त्यातलं काहीही नाही. दंड एक-दोन दिवस ठणकतो, कधी कणकण येते, बस. आजींना एवढं नक्की सांगा. मधुमेह, रक्तदाब असला तरी त्यांना लस चालते. गर्भारपणातही चालते. ज्यांना स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण त्यांच्यात लस पुरेशी उठत नाही आणि चावल्यावर त्यांना सीरम द्यावंच लागतं. मलेरियासाठी क्लोरोक्विन घेणाऱ्यांना लस कातडीत न देता स्नायूत द्यायची, हेही लक्षात असू द्या.

थोरलीबद्दल. तिला चार वेळा दोन्ही दंडांवर सुया दिल्या म्हणजे कातडीत द्यायच्या पद्धतीने पूर्ण उपचार झालेला आहे. त्यात पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे चार खेपांचे डोस असतात. ती मुलगी लस घेतलेलीच धरायची, ५ वर्षं झाली म्हणून ते वाया गेलेलं नाही. तिथे काही झालं तर तिला दोनच डोस लागतील, सीरम नाही. अडचण फक्त कागदाची आहे. परक्या देशातला डॉक्टर तुमच्या तोंडी सांगण्यावर सीरम टाळणार नाही, आणि त्याने टाळूही नये. पुरात भिजलेल्या अशा फायली माझ्याकडे बऱ्याच आल्या. विश्वामित्री नदीचं पाणी उतरल्यावर लोकांनी घरातली लाकडी कपाटं रस्त्यावर काढली, त्यात हे कागदही गेले. तेव्हा आधी कपाटात, मोबाईलमधल्या जुन्या फोटोंत आणि जिथे सुया दिल्या तिथल्या नोंदवहीत शोधा. नोंद सापडली तर नव्या कागदावर उतरवून सहीशिक्क्यासह घ्या. नाहीच सापडली तर धाकट्याबरोबर तिलाही नव्याने लस द्या. जास्तीच्या डोसाने काही बिघडत नाही, आणि हातात स्वच्छ कार्ड येतं.

आता तिथे वागायचं कसं. उबुदची माकडं आणि उलुवातूच्या देवळातली माकडं यांना माणसांची सवय आहे, तेच जास्त धोक्याचं. उलुवातूची माकडं चष्मा, टोपी, मोबाईल पळवतात आणि खाऊ मिळाल्याशिवाय परत करत नाहीत, यावर संशोधकांनी अभ्यास केलेले आहेत. आजींचा चष्मा दोरीला बांधू नका, त्या आवारात शिरताना सरळ काढून बंद पिशवीत ठेवा. हातात खाऊ किंवा प्लॅस्टिकची पिशवी नको. माकडाने काही ओढलं तर सोडून द्या. बहुतेक चावे ओढाताणीतच बसतात. त्याच्या डोळ्यांत बघून दात दाखवून हसू नका, माकड दात दाखवणं म्हणजे भांडण समजतं. खांद्यावर माकड बसवून फोटो काढायचा मोह टाळा. या लांब शेपटीच्या माकडांच्या लाळेत हर्पिस-बी नावाचा आणखी एक विषाणू असू शकतो. तो माणसाला क्वचितच होतो पण जबर होतो, म्हणून माकड चावलं तर डॉक्टरांना त्याबद्दलही विचारा.

माकडांबद्दल इतकं सांगितलं तरी बालीतला मोठा धोका कुत्र्यांचाच आहे. बाली २००८ पर्यंत रेबीजमुक्त बेट होतं. त्या वर्षाच्या अखेरीस तिथे रेबीज आला, माणसं दगावली, लाखो कुत्र्यांना लस टोचली तरी तो अजून गेलेला नाही. समुद्रकिनाऱ्यावर, भातखाचरांच्या कडेने, देवळांच्या पायऱ्यांवर कुत्रे असतात. गळ्यात पट्टा आहे म्हणजे लस दिलेली आहे असं नव्हे. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून, नजर खाली करून, झाडासारखं उभं राहायचं. मुलांना हे घरी दिवाणखान्यात दोनदा करून दाखवा. आणि पिल्लं! सर्वांत जास्त फसवतात ती पिल्लं. नॉर्वेची एक तरुणी फिलिपिन्समध्ये रस्त्यात सापडलेल्या पिल्लाशी खेळली, त्याने बारीक दात लावले, आणि २०१९ च्या मे महिन्यात मायदेशी ती वारली. ब्रिटनमधली एक बाई मोरोक्कोत एका पिल्लाच्या किरकोळ ओरखड्याने २०२५ च्या जूनमध्ये गेली, ओरखडा फेब्रुवारीतला होता. दोघींनाही ते उपचार घेण्याइतकं मोठं वाटलं नव्हतं.

मी हे इतकं लावून धरते त्यामागे एक आठवण आहे. इंटर्न असताना वॉर्डात एक तिशीतला शेतकरी आला होता. त्याने स्वतःच आम्हाला पंखा बंद करायला सांगितलं, वाऱ्याची झुळूक लागली की त्याचा गळा आवळायचा. पूर्ण शुद्धीत होता. नर्सने स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. त्याला तहान लागली होती, त्याने हात पुढेही केला, आणि पेला ओठांजवळ येताच सबंध शरीर मागे फेकलं गेलं. पाणी चादरीवर सांडलं. तो माझी माफी मागत होता. दोन महिन्यांपूर्वी कुत्र्याचा दात पोटरीला लागला होता, घरच्यांनी जखमेत लाल तिखट भरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

म्हणून आता जखम धुण्याची ती पंधरा मिनिटं. चावलं, ओरखडलं किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, की पहिलं काम धुण्याचं. फोन, फोटो, भांडण, टूरवाल्याला शोधणं हे सगळं नंतर. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून १५ मिनिटं. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असतं, साबणाने ते विरघळतं आणि विषाणू मरतो. कसलाही साबण चालतो, हॉटेलातली इवलीशी वडीही. १५ मिनिटं हा वेळ वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. रामरक्षा सावकाश म्हटली तरी त्याच्या आत संपते. लोक दोन मिनिटं धुतात आणि धुतलं म्हणतात. मूल रडेल, हात ओढेल, तरी एकाने धरायचं, एकाने धुवायचं. डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल तर साबण नको, नुसत्या भरपूर पाण्याने धुवा. धुऊन झाल्यावर जखमेवर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा, त्याची छोटी बाटली निघतानाच सामानात टाका. टाके शक्यतो घालायचे नाहीत, घट्ट पट्टी बांधायची नाही. हळद, चुना, तेल, तिखट काही भरायचं नाही. आपल्याकडे कुत्रा चावला की हडकाई मातेला नवस बोलतात. श्रद्धेला मी हात लावत नाही, नवस जरूर बोला, पण लस टोचून झाल्यावर.

मग दवाखाना, त्याच दिवशी. इंडोनेशियात सरकारी आरोग्यकेंद्राला पुस्केस्मास (Puskesmas) म्हणतात, रेबीजच्या लशीला व्हार (VAR) आणि सीरमला सार (SAR). हे तीन शब्द लिहून ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला उपयोगी पडतात. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. नुसत्या धड कातडीला प्राण्याने चाटलं असेल तर काहीच लागत नाही, तेवढ्यासाठी सहल बिघडवू नका. रक्त न येता खरचटलं असेल तर लस. दात-नख कातडीच्या आत गेलं, रक्त आलं किंवा वटवाघळाचा स्पर्श झाला, तर लस न घेतलेल्यांना लस आणि सीरम दोन्ही. वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की खूण दिसतही नाही, तेव्हा फोटोसाठी कोणी हातावर वटवाघूळ टांगायला दिलं तर हात मागे घ्या.

ज्यांनी आधी लस घेतलेली नाही त्यांना तिथे बहुधा पहिल्या दिवशी दोन सुया, मग ७ व्या आणि २१ व्या दिवशी एकेक असं वेळापत्रक मिळेल. इथे परतल्यावर आपलं वेळापत्रक वेगळं दिसतं म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. सुरू केलेलं तेच पुरं करायचं, कंपनी बदलली तरी चालते. मात्र तिथल्या डॉक्टरांकडून लशीचं नाव, बॅच, तारीख, स्नायूत दिली की कातडीत, आणि सीरम दिलं तर कुठलं व किती, हे लिहून घ्या आणि तिथल्या तिथे फोटो काढून घरी पाठवा. विमा काढताना रेबीजच्या उपचाराचा आणि त्यासाठी दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते आत्ताच विचारून घ्या.

इतर देशांबद्दल लोक विचारतातच, म्हणून थोडक्यात. जपान, सिंगापूर, न्यूझीलंडमध्ये ही काळजी नको. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात कुत्र्यांची भीती नाही, वटवाघळांपासून दूर राहा. अमेरिकेतही मुख्यतः वटवाघूळ, रॅकून, स्कंक अशा रानटी प्राण्यांची. श्रीलंका, नेपाळ, व्हिएतनाम, फिलिपिन्स, इजिप्त, केनिया, मोरोक्को इथे जाणाऱ्यांनी वर लिहिलेलं सगळं आपल्यासाठीच आहे असं समजावं. थायलंडमध्येही धोका आहे, पण बँकॉकमध्ये थाई रेडक्रॉसची राणी साओवाभा संस्था आहे. कातडीत थोडी थोडी लस देण्याची जी पद्धत आज आपल्या सरकारी दवाखान्यांत चालते ती थाई रेडक्रॉसचीच देणगी. तिथे काही झालं तर सरळ तिकडे जा.

तुमच्यासाठी वेळापत्रक असं बसतं. पहिला डोस या आठवड्यात, दुसरा बरोबर सात दिवसांनी, तिसरा चौथ्या आठवड्यात. तिसऱ्यानंतरही निघायला दोन आठवडे उरतात. सगळे एकाच दिवशी घ्या, म्हणजे तारखा विसरायच्या नाहीत, आणि धाकट्याला शेवटी बसवा, आजींनी घेतलेली पाहिली की तो दंड पुढे करेल. येताना थोरलीची फाईल ओली, चिकटलेली, जशी असेल तशी घेऊन या. पानं ओढून सोडवू नका, शाई वर निघून येते. उजेडात धरून तारखा वाचता येतात का ते आपण बघू.